मुलाच्या घामाला वास येऊ लागलाय. त्याला सांगायचं कसं?

गॅलरीतली_तुळस | सोमवार, रात्री १०:२०

मुलगा सहावीत, साडेअकरा वर्षांचा. गेल्या काही महिन्यांत त्याच्या घामाचा वास बदललाय. लहान मुलं खेळून आली की धुळीचा, उन्हाचा वास येतो, तसला नाही. चक्क मोठ्या माणसाच्या काखेचा. आता पावसाळ्यात तर शाळेचा शर्ट बादलीत टाकेपर्यंत श्वास रोखून धरावा लागतो. अंघोळ रोज करतो, म्हणजे बाथरूममधून पाण्याचा आवाज तरी येतो.

व्हॅनमधली पोरं त्याला 'बोकड्या' म्हणायला लागलीत. हे त्याने नाही सांगितलं, त्याच्या मित्राच्या आईकडून कळलं. त्याला स्वतःला वास कळतो का? की कळतो पण लाजेने बोलत नाही? त्याचे बाबा म्हणतात, वयात येतोय, होईल आपोआप नीट. सासूबाई म्हणतात, डाळीचं पीठ लाव. मला वाटतं डिओ आणून द्यावा, पण एवढ्या वयात चालतो का? त्यात अल्युमिनियम असतं म्हणे. आणि मुख्य प्रश्न म्हणजे बोलायचं कसं. हल्ली तो कशावरूनही फणकारतो.

आम्ही इंदिरानगरला राहतो. पावणेसातला व्हॅन येते, दोनला शाळा सुटते, जेवून साडेतीनला क्लास, तिथून परस्पर मैदानावर, सातच्या पुढे घरी. अंघोळ सकाळी सहाला.

सिडकोकर | सोमवार, रात्री १०:४१

डिओ द्या आणि मोकळे व्हा. आमच्या कन्येला पाचवीपासून रोल-ऑन आहे. काही शिंगं फुटली नाहीत.

पंचवटीची_आजी | सोमवार, रात्री ११:०५

तुळसबाई, तुमच्या सासूबाई बरोबर सांगतायत, फक्त अर्धंच सांगतायत. नुसत्या डाळीच्या पिठाने काय होणार? त्यात नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, आंबेहळद घालायची. गावात कुठल्याही काष्ठौषधींच्या दुकानात दळून मिळतं. आणि तुरटी! आमच्याकडे पुरुषमाणसं दाढी झाली की तोच खडा ओला करून काखेत फिरवायची. दहा रुपयांचा खडा वर्षभर पुरायचा. तुमच्या डिओच्या बाटलीत नुसतं अत्तर आणि हवा. चार दिवसांत फुसफुस संपते.

एक मात्र सांगते, सगळ्यांच्या देखत बोलू नका हो त्या लेकराला. आमच्या धाकट्या दिरांना एका लग्नाच्या पंगतीत मामांनी असंच मोठ्याने हटकलं होतं. पन्नास वर्षं झाली, ते अजून पंगतीत भिंतीकडेच्या टोकाला बसतात.

नळाला_पाणी_आलं | मंगळवार, सकाळी ७:१२

उगाच बाऊ. आम्ही सातवीपर्यंत विहिरीवर पोहायचो, लाइफबॉयची अर्धी वडी चार भावंडांत. कोणाला वास आला न कोणी धागा काढला.

सिडकोकर | मंगळवार, सकाळी ७:३०

@नळाला_पाणी_आलं, चौघांनाही येत असणार, म्हणून कोणाला कळला नाही :)

काखेत_कळसा | मंगळवार, दुपारी २:४८

आयडी बघून हसू नका. मी त्वचेची डॉक्टर आहे, नाशकातच. कुठे, ते विचारू नका, इथे जाहिरात करायची नाही. ओपीडी संपली म्हणून सविस्तर लिहितेय.

घामाच्या ग्रंथी दोन प्रकारच्या. एक प्रकार अंगभर असतो, वीस ते चाळीस लाख, आणि बाळपणापासून काम करतो. त्यांचा घाम म्हणजे जवळजवळ मीठ-पाणी, अंग गार ठेवायला. दुसऱ्या अपोक्राइन ग्रंथी. त्या काखेत, जांघेत, स्तनाग्रांभोवती असतात आणि केसाच्या मुळाशी उघडतात. जन्मतः असतात पण गप्प असतात. वयात येताना संप्रेरकं वाढली की सुरू होतात. त्यांचा स्राव दाटसर, त्यात स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं. हा ताजा घाम हुंगलात तर फारसा वास येणार नाही. काखेतले जिवाणू तो खातात आणि त्यातून उग्र आम्लं आणि गंधकाची संयुगं सुटतात. वास त्यांचा. म्हणजे मुलगा घाणेरडा झालेला नाही. त्याच्या अंगात एक नवीन यंत्रणा चालू झालीय आणि जिवाणूंची पंगत बसलीय.

या ग्रंथी उष्म्यापेक्षा ताणाने जास्त सुटतात. तोंडी परीक्षा, वर्गात उभं करणं, व्हॅनमध्ये चिडवणं. बघा आता: 'बोकड्या' म्हटलं की घाम, घाम की पुन्हा 'बोकड्या'. म्हणून चिडवणं थांबवणं हा औषधाचाच भाग धरा.

बाबा म्हणतात तसं आपोआप नीट होईल का? नाही. या ग्रंथी आता कायमच्या चालू झाल्यात. सवयी लागल्या की प्रश्न मिटतो, एवढंच.

तुमच्या वेळापत्रकात मला खरा घोळ दिसतो. मूल सकाळी सहाला अंघोळ करतं, तेव्हा अंगावर रात्रीचा घाम. मग तेरा तास तोच बनियन, शाळा, क्लास, मैदान. सातला घरी आलं की हातपाय धुऊन जेवायला, त्याच अंगाने अंथरुणात. जिवाणूंना एवढी निवांत जागा दुसरी नाही. मोठी अंघोळ मैदानावरून आल्यावर घाला. सकाळी दोन तांबे घेतले तरी चालेल. साबण पूर्ण अंगाला चोपडायची गरज नाही. काख, जांघ, पाय इथे हाताने फेस करून चोळायचा, अर्धा मिनिट राहू द्यायचा, मग धुवायचा. मुलं साबण छातीवर फिरवतात आणि काखेला नुसतं पाणी दाखवतात. आणि कोरडं करणं! निम्मी मुलं ओल्या काखेवर बनियन चढवतात.

डिओचं. डिओडरंट जिवाणू कमी करतं आणि वास झाकतं. अँटिपर्स्पिरंट अल्युमिनियमच्या क्षाराने घामाच्या नळीला तात्पुरतं बूच मारतं. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचून घ्या. अँटिपर्स्पिरंट रात्री झोपताना, पूर्ण कोरड्या काखेत लावायचं. रात्री घाम कमी असतो म्हणून ते नीट बसतं, आणि सकाळच्या अंघोळीने निघून जात नाही. साडेअकराच्या मुलाला साधं, कमी वासाचं रोल-ऑन चालतं. अल्युमिनियमने स्तनाचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं नाही. ज्यांची मूत्रपिंडं खूपच कमी चालतात त्यांनी विचारून वापरावं.

आजी, तुरटी उत्तमच, फक्त तीही अल्युमिनियमचाच क्षार बरं का. डिओत नको आणि खड्यात चालेल, असं करता येत नाही. दाढी केलेल्या किंवा खरचटलेल्या कातडीवर चुरचुरते, एवढं सांभाळा.

दोन गोष्टी मात्र कृपा करून करू नका. खायचा सोडा काखेत लावू नका. आपली कातडी किंचित आम्लधर्मी असते, सोडा त्याच्या उलट. पुरळ उठतं आणि काख काळी पडते. आणि लिंबू चोळून उन्हात जाऊ देऊ नका, भाजल्यासारखे डाग पडतात.

पंचवटीची_आजी | मंगळवार, दुपारी ३:३०

बरं झालं सांगितलंत. आम्ही आपले लिंबू लावून मुलींना गच्चीवर केस वाळवायला बसवत होतो.

खडूफळा | मंगळवार, सायंकाळी ६:०२

शिक्षिका आहे, सहावी ते आठवी. पीटीनंतरचा तास माझा असतो, त्यामुळे या विषयातली माझी पदवी नाकाने मिळवलेली आहे.

एका वर्गात पन्नास मुलं, पावसामुळे खिडक्या लावलेल्या. अशा वेळी वास एकाचा नसतोच, बहुतेक सगळ्यांचा असतो. नाव मात्र एखाद्यालाच पडतं, आणि ते बहुधा आधीपासून जो जरा एकटा आहे त्याला. माझ्या आधीच्या एका शाळेत (नाव नको) एका सरांनी भर वर्गात एका मुलाला 'घरी साबण आहे ना?' विचारलं होतं. तो मुलगा पुढे पीटीला येईनाच. पोट दुखतंय, डोकं दुखतंय.

मी काय करते ते सांगते. वर्षाच्या सुरुवातीला एका तासात सगळ्यांशी बोलते, मुलं-मुली एकत्र. घाम, मुरमं, मिसरूड, आवाज फुटणं, सगळं एका दमात. पहिली पाच मिनिटं खिदळतात, मग प्रश्न विचारतात. कोणा एकाचं नाव निघत नाही. नंतर कोणाला खरंच मदत हवी वाटली तर पालकांना फोन, तोही दुपारच्या सुट्टीत, मुलाच्या नकळत.

तुळसताई, वर्गशिक्षिकेला आणि व्हॅनकाकांना, दोघांनाही भेटा. व्हॅनकाका या बाबतीत शिक्षकांपेक्षा जास्त करू शकतात. कोणी कोणाशेजारी बसायचं हे त्यांच्या हातात असतं, आणि त्यांनी एकदा मागे वळून दरडावलं की पोरं आठ दिवस तरी गप्प बसतात.

हॉस्टेलवाला | मंगळवार, रात्री ९:१५

मी एकोणीसचा. सातवीत हे सगळं भोगलंय म्हणून लिहितो. आपल्याला आपला वास येत नाही. नाक सतत येणाऱ्या वासाला सरावतं. मला वाटायचं वर्गात कोणीतरी दुसराच आहे.

मला मोठ्या मावसभावाने सांगितलं. आम्ही पांडवलेणी चढत होतो. तो पुढे, मी मागे, म्हणजे तोंडाकडे बघायची भानगड नाही. म्हणाला, 'तुझ्या काखेला आता मोठ्या माणसाचा वास येतो. माझंही तसंच झालं होतं. मी हे वापरतो.' आणि सॅकमधून रोल-ऑन काढून दाखवला. संपला विषय. पुढे क्रिकेटवर बोलत होतो.

काकू, एकच सांगतो. 'लोक काय म्हणतील' असं म्हणू नका आणि 'बोकड्या' तुम्हाला माहीत आहे हे पहिल्याच वेळी दाखवू नका. त्याला वाटेल अख्ख्या इंदिरानगरला माहीत आहे.

काखेत_कळसा | मंगळवार, रात्री ९:४०

हॉस्टेलवाल्याला शंभर टक्के अनुमोदन. डोळ्यांत बघून, समोर बसवून बोलू नका. स्कूटरवर मागे बसलेला असताना, भांडी पुसताना, कुठेही चालेल. आणि वाक्य त्याच्या शरीराबद्दल असू दे, स्वभावाबद्दल नको. 'तू नीट अंघोळ करत नाहीस' यावर तो भांडेल. 'तुझ्या घामाच्या ग्रंथी सुरू झाल्यात' यावर भांडण्यासारखं काही नसतं.

रात्रपाळी | बुधवार, सकाळी ८:२०

अंबडला कंपनीत आहे. आत्ताच पाळीवरून आलो. घरात मी, आई आणि मुलगी. मुलगी साडेसात वर्षांची, दुसरीत. तिच्या घामालाही असाच वास येतोय, आई म्हणते खाली बारीक केसही आलेत. आई म्हणते तिची आत्याही लवकर मोठी झाली होती. हे सगळं मुलाच्या वयाला ठीक, पण हिला? कोणाला विचारू कळत नव्हतं म्हणून इथे लिहिलं. चुकीच्या धाग्यावर असेल तर माफी.

काखेत_कळसा | बुधवार, दुपारी १:५५

दादा, बरोबर धाग्यावर लिहिलंत. तुमच्या मुलीला बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. घाबरून नाही, पण पुढे ढकलूही नका.

साधारण हिशेब असा: मुलीत आठ वर्षांच्या आत आणि मुलात नऊ वर्षांच्या आत घामाचा वास, केस, मुरमं, छातीची वाढ, एकदम उंची वाढणं यातलं काही दिसलं तर तपासून घ्यायचं. बऱ्याच मुलींमध्ये मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथी जरा लवकर जाग्या झालेल्या असतात, आणि त्यावर नुसतं लक्ष ठेवलं जातं. पण ते 'नुसतं' आहे की खरोखर वयात येणं लवकर सुरू झालंय, हे घरी ओळखता येत नाही. डॉक्टर उंचीचा आलेख बघतील, डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतील, लागलं तर रक्त तपासतील. शाळेने भरलेली उंची-वजनाची जुनी नोंद असेल तर सोबत न्या, फार उपयोगी पडते. आत्याला पाळी कितव्या वर्षी आली तेही आईंना विचारून ठेवा.

पंचवटीची_आजी | बुधवार, दुपारी २:१०

दादा, मुलीशी आईंनाच बोलू दे असं नाही हो. तुम्हीही बोला. 'आज काखेत साबण लावलास का राणी' एवढं बाप म्हणू शकतो.

रात्रपाळी | बुधवार, दुपारी २:३२

आभार डॉक्टर, आभार आजी. शनिवारी सुट्टी आहे, नेतो.

द्राक्षबाग | बुधवार, रात्री ८:०७

आम्ही निफाडकडचे. हिवाळ्यात आमच्याकडे पारा इतका खाली येतो की मुलं अंघोळीला हातच लावत नाहीत, गरम पाणी दिलं तरी. त्यात स्वेटर. दोन-दोन महिने तोच स्वेटर, आत घामाचा बनियन. मला तर उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यातच पोरांचा वास जास्त वाटतो.

आणि खाण्याचं काय? कांदा-लसणाने घामाला वास येतो म्हणतात. जवळच लासलगाव, आमच्याकडे कांद्याशिवाय पान हलत नाही.

पेट्रीडिश | बुधवार, रात्री ९:२६

मायक्रोबायोलॉजीवाला. कांदा-लसणातली गंधकाची संयुगं पोटातून रक्तात जातात आणि श्वासातून, घामातून थोडी बाहेर पडतात. तेवढा फरक पडतो. पण काखेचा मुख्य वास त्यातून येत नाही, त्यामुळे मुलाची कांदाभजी बंद करून काही साधणार नाही. मेथीचं मात्र नक्की. हिवाळ्यात मेथीचे लाडू चापले की घामाला गोडसर, पाकासारखा वास येतो. मेथीतलं सोटोलोन नावाचं संयुग. त्रासदायक नाही, फक्त आई बुचकळ्यात पडते.

अवांतर: ज्यांच्या कानातला मळ कोरडा, भुश्शासारखा असतो त्यांच्या काखेला फारसा वास येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच जनुकावर ठरतात, एबीसीसी११. कोरियात जवळपास सगळ्यांना हा कोरडा प्रकार असतो. आपल्याकडे ओला मळ जास्त. म्हणजे आपण बहुतेक जण वासाच्या बाजूला.

सिडकोकर | बुधवार, रात्री ९:३३

आता बायको माझे कान तपासणार.

नळाला_पाणी_आलं | बुधवार, रात्री ९:५०

कांद्याचा विषय निघालाच आहे तर मिसळीबरोबर कांदा लागतोच, त्याला घामाचं भय नको. कॉलेज रोडपेक्षा जुन्या गावातली मिसळ...

खडूफळा | बुधवार, रात्री ९:५४

नळभाऊ, मिसळीचे वेगळे धागे आहेत. हा काखेचा आहे. एकत्र करू नका, सकाळी मला खायची आहे.

घडी_इस्त्री | गुरुवार, सकाळी ११:१८

माझी नाशिकरोडला लॉन्ड्री आहे. तुम्ही सगळे मुलाला धुताय, शर्टाचं कोणी बोलेना.

शाळेचे शर्ट आता बहुतेक टेरीकॉट नाहीतर पूर्ण पॉलिस्टर. घामाचा तेलकट भाग त्या धाग्यात धरून बसतो, साध्या धुण्याने निघत नाही. कपाटात धुतलेला शर्ट वास घेऊन बघाल तर काही नाही. आम्ही त्याच्या काखेवर गरम इस्त्री फिरवली की वाफेबरोबर वास भसकन वर येतो. मुलाच्या अंगाची ऊबही तेच करते. पोरगा स्वच्छ अंघोळ करून शर्ट घालतो आणि अर्ध्या तासात वास! त्याला बिचाऱ्याला बोल बसतो, आणि वास असतो कालच्या, परवाच्या घामाचा.

काय करायचं: शर्ट काढला की गोळा करून बादलीत नाही टाकायचा. उलटा करून दोरीवर टाकायचा, वारं लागू द्यायचं. धुवायच्या आधी काखेच्या भागाला कपड्याच्या साबणाची पेस्ट किंवा पावडर कोमट पाण्यात कालवून लावायची, अर्धा तास ठेवायची, मग ब्रशने हलक्या हाताने. उलट्या बाजूनेच धुवायचा. कपडे मऊ करायचं जे सुगंधी पाणी मिळतं ते गणवेशाला वापरू नका, धाग्यावर थर बसतो आणि वास आत कोंडतो. त्याऐवजी शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर. पण व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र नको, विषारी गॅस होतो. आमच्या धंद्यात हे पहिल्या दिवशी शिकवतात.

बनियन शंभर टक्के सुती घ्या आणि दप्तरात एक जास्तीचा ठेवा.

पेट्रीडिश | गुरुवार, दुपारी १२:४०

@घडी_इस्त्री, फर्स्ट क्लास. पॉलिस्टरवर वास करणारे जिवाणू सुतीपेक्षा जास्त माजतात, हे प्रयोगशाळेतही दिसलेलं आहे. आणि नाशकात जुलै-ऑगस्टमध्ये गॅलरीतले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. तो कुबट वास वेगळ्या जिवाणूंचा. पंख्याखाली पसरून लवकर वाळवणं हाच उपाय. दोन कपड्यांत हातभर जागा सोडा.

गॅलरीतली_तुळस | गुरुवार, रात्री १०:५५

सगळ्यांना काय काय म्हणून धन्यवाद देऊ. शर्टाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आज कपाटातल्या 'धुतलेल्या' शर्टाच्या काखेवर इस्त्री फिरवून बघितली. घडीदादा, तुम्ही म्हणालात तेच, हॉल सोडून गॅलरीत जावं लागलं.

बोलणंही झालं. मी नाही, त्याच्या बाबांनी बोलावं असं ठरलं होतं, पण बाबांनी बुधवारचा गुरुवार केला, म्हणून मीच स्कूटरवर बोलले. मुंबई नाक्याच्या सिग्नलला. माझं हेल्मेट, मागे तो, दोघंही समोर बघतोय. म्हटलं, तुझ्या घामाच्या ग्रंथी सुरू झाल्यात, बाबांच्याही याच वयात झाल्या असणार. तो म्हणाला, 'माहितीये.' मग सिग्नल सुटला. घरी आल्यावर विचारतो, 'डिओ कुठला आणणार? मला तो टीव्हीवरचा हवाय.' म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. मित्राचा स्प्रे तो शाळेच्या टॉयलेटमध्ये मारून घेत होता म्हणे!

व्हॅनकाकांना उद्या भेटते. पण टीव्हीवरचा स्प्रे द्यायचा का?

काखेत_कळसा | गुरुवार, रात्री ११:१५

स्प्रे नको, रोल-ऑन. त्या स्प्रेमध्ये बहुतांश अल्कोहोल, अत्तर आणि बाहेर फेकणारा गॅस असतो, म्हणजे ब्यूटेन-प्रोपेनसारखे ज्वालाग्राही गॅस. बंद टॉयलेटमध्ये फवारा मारला की तो छातीत जातो, दम्याच्या मुलांना त्रास होतो. या वयात मुद्दाम हुंगायचे उद्योगही होतात आणि ते हृदयाला जीवघेणे ठरू शकतात. हे त्याला न घाबरवता पण स्पष्ट सांगा. निरांजन, गॅसची शेगडी यांच्या आसपास तर नकोच. शिवाय न धुतलेल्या काखेवर अत्तर मारलं की दोन वास होतात, एकाचे शून्य होत नाहीत.

मुलाला बाटली स्वतः निवडू द्या, फक्त रोल-ऑनमधून. ती त्याची वस्तू झाली की आठवण करावी लागत नाही.

एवढं सगळं महिनाभर नीट करूनही वास तसाच राहिला तर दाखवा. बेंझॉइल पेरॉक्साइडचं वॉश काखेत दोन मिनिटं ठेवून धुवायला आम्ही देतो, चांगलं काम करतं, पण विचारून घ्या. टॉवेलचा रंग उडवतं, पांढरा टॉवेल वापरा. घाम इतका की वही ओली होते, शर्टातून गळतो, तर तो वेगळा आजार, त्यालाही उपचार आहेत.

आणखी एक, वासाशी थेट संबंध नाही पण आया हमखास इथेच फसतात. मानेवर आणि काखेत काळपट, जाडसर, मखमलीसारखी कातडी दिसली तर ती घासून काढायच्या मागे लागू नका. तो मळ नसतो. बऱ्याचदा वजन आणि इन्सुलिनचा प्रश्न असतो. मुलं दगडाने घासून सोलवटून येतात माझ्याकडे.

खडूफळा | शुक्रवार, सकाळी ६:२०

मुलींच्या आयांसाठी दोन ओळी, कारण धागा मुलाचा असला तरी वाचणार सगळ्या. पाळी सुरू झाली की मुली वासाच्या भीतीने सुगंधी पॅड, 'इंटिमेट वॉश' मागतात. बाहेरून साधं पाणी पुरतं, आत काहीही घालून धुवायचं नाही. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, आणि शाळेत ते बदलता येईल असं टॉयलेट आहे का, हे पालकसभेत विचारायचं. मासळीसारखा वास आणि खाज असेल तर डॉक्टर.

द्राक्षबाग | शुक्रवार, सकाळी ९:४४

काखेचं झालं, पायाचं राहिलं ना. आमच्या पोराचे शाळेचे बूट घराबाहेर ठेवले तर कुत्रं पण दुसऱ्या गल्लीतनं जातं. पावसात भिजलेले, सकाळी पुन्हा तेच. मोजे रोज बदलतो तरी.

घडी_इस्त्री | शुक्रवार, सकाळी १०:३०

आतली गादी सुटी असेल तर रोज काढून ठेवा. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, रात्री एकदा बदला. चुलीजवळ, हीटरवर ठेवू नका, सोल सुटतो. जमत असेल तर दोन जोड आलटून पालटून. एका रात्रीत बूट आतून वाळत नाही.

काखेत_कळसा | शुक्रवार, दुपारी २:२०

नायलॉनचे मोजे टाकून सुती घ्या, दप्तरात एक कोरडा जोड, आणि शाळेत पोचल्यावर ओला बदलायचा. रात्री पाय धुऊन बोटांच्या मधे पंचाने पुसायचे. तळवे बघा. पांढरट, ओलसर कातडीवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसतायत का? तसं असेल तर तो जिवाणूंचा संसर्ग आहे, लावायच्या मलमाने जातो. बोटांच्या बेचक्यात साल निघत असेल आणि खाज असेल तर बुरशी, त्याचं मलम वेगळं. दुकानातून तीन औषधं एकत्र असलेली स्टिरॉइडची ट्यूब आणून लावू नका, हे मी रोज सांगते आणि रोज कोणीतरी ती लावून येतं.

द्राक्षबाग | शुक्रवार, रात्री ८:३१

बघितलं. खड्डे आहेत, टाचेवर आणि चवड्यावर. सोमवारी पिंपळगावला दाखवतो. बोळे कोंबलेत.